रवणाला बसलेली पेटी

माहेरी गेलेल्या बाईनं तोंडानं काही मागायचं नसतं. भाऊ देईल ती साडी घ्यायची, "कशाला उगीच" म्हणायचं आणि पटकन पिशवीत घालायची. मी आयुष्यभर हा नियम पाळला आणि गेल्या पंचमीला धारूरला जाऊन मोडला. भावानं साडी पुढं केली, तर मी म्हणाले, "साडी राहू दे. मला अण्णांच्या पेट्या दे."

अण्णा म्हणजे आमचे वडील. धारूरच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कुणीतरी टाकून दिलेलं सागवानी दार त्यांनी एकदा उचलून आणलं आणि त्याच्या फळ्या कापून स्पीकरच्या दोन पेट्या केल्या. माझ्या कमरेएवढ्या उंच. उजवीच्या कुशीवर दाराच्या कुलपाचं भोक तसंच राहिलं होतं, त्यामुळं दुकानात येणारा प्रत्येक माणूस "याची चावी कुठंय?" असं विचारायचा आणि अण्णा प्रत्येकाला "हरवली" म्हणून सांगायचे.

अण्णा गेले, दुकानाची मोबाईल शॉपी झाली आणि पेट्या परसात गेल्या. मधल्या काळात गल्लीतल्या मंडळानं त्यांना निळा ऑइलपेंट फासला होता. नंतर भिंतीचा उरलेला पिस्ता रंगही त्यांच्याच नशिबी आला. पावसात फुगून, कोपरे फुटून त्या चिपाडांच्या ढिगाशेजारी उभ्या होत्या. पुढचा नंबर चुलीचा होता, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"आक्का, काहीतरी चांगलं माग की," भाऊ म्हणाला. "मिक्सर माग. लोक हसतील मला, बहिणीला सरपण दिलं म्हणून."

"हसू दे. त्यांना दात आहेत."

शेवटी तो कबूल झाला. आतले गोल स्पीकर त्यानं काढून ठेवले. त्यांचे कागद फाटले होते. "हे नीट करून भाऊबीजेला घेऊन येतो," म्हणाला. मोकळ्या पेट्या जीपच्या टपावर बांधून मी सासरी निघाले. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "खुराडी कुठं घेतली, बाई?" मी त्याच्याशी उतरेपर्यंत बोलले नाही. त्या म्हाताऱ्याची दृष्टी किती लांबची होती हे मला नंतर कळलं.

माझं सासर सिरसाळ्याजवळ. घर आता सिमेंटचं आहे, फरशी गुळगुळीत, आणि पुढं बैठकीची मोठी खोली. बैठकीत सासऱ्यांचा फेट्यातला फोटो. त्यांच्या वडलांचा फोटो. सासूबाईंच्या भावाचा, कुठल्याशा पुढाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवलेला फोटो. पुढाऱ्याचा चेहरा हारानं झाकलाय, पण हात स्पष्ट दिसतो. काचेचं शोकेस, त्यात नणंदेनं विणलेला पोपट. माझे केस या घरात पांढरे झाले आणि त्या बैठकीत माझा म्हणावा असा एक खिळासुद्धा नव्हता. याचं मला वाईट वाटायचं. बोलले कधी नाही, पण वाटायचं.

आणि अण्णा तर त्या खोलीत कधी बसलेच नाहीत. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. यायचे तर स्वतःचा फिरकीचा तांब्या भरून घेऊन यायचे, ओसरीच्या कडेला टेकायचे, माझ्याकडं बघत आपलंच पाणी प्यायचे आणि उठायचे. मला मुलगा झाल्यावर रिवाजाप्रमाणं ती अट संपली, पण त्यांची सवय काही संपली नाही. "व्याही, आत या," असं सासरे म्हणायचे आणि अण्णा म्हणायचे, "हितं वारं चांगलं हाय." वैशाखातसुद्धा म्हणायचे.

म्हणून मला त्या पेट्या बैठकीत हव्या होत्या, खिडकीखाली, दोन बाजूंना दोन. एवढंच.

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पेट्यांभोवती एक फेरी मारली. काठीनं टकटक केलं. कुलपाच्या भोकात बोट घालून बघितलं.

"हे काय आणलंस?"

"स्पीकर आहेत, आत्याबाई. नीट करून बैठकीत ठेवते."

"बैठकीत? पावनं-रावळं येत्यात तिथं! लोक म्हनतील, ह्यांच्यात भंगारवाला उतरलाय का काय."

बराच वेळ वाटाघाटी झाल्या आणि निकाल लागला. भाऊबीजेला माझा भाऊ येईल, तोवर पेट्या बैठकीत बसायच्या लायकीच्या झाल्या तर राहतील. नाही झाल्या तर त्याच्याच गाडीत घालून परत. परत म्हणजे चिपाडांजवळ, आणि तिथून चुलीत. आत्याबाई बोललेला शब्द फिरवत नाहीत, आणि ऐकू कमी येत असल्यामुळं दुसऱ्याचा ऐकतही नाहीत.

मी कामाला लागले. आमच्या ह्यांनी मोबाईलवर कुठले कुठले व्हिडिओ शोधले आणि बाजेवर पडून मला मार्गदर्शन सुरू केलं. "आधी रंग काढायचा असतो," ते म्हणाले. इतकं तर मलाही कळत होतं. पॉलिश पेपरनं घासून बघितलं. निळ्या रंगाला ओरखडासुद्धा उठला नाही. शेवटी मी माझं खुरपं आणलं.

खुरपं हातात आलं की माझी भीड चेपते. कडेपासून धरून, अंगठ्याचा जोर लावून असं फिरवलं की पिस्त्याचा पापुद्रा पोळीसारखा निघाला. शेजारच्या दोघी जावा दारातून बघत होत्या. सोयाबीनची खुरपणी उरकून त्या नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या आणि हाताला काम नसल्यानं बेचैन होत्या. त्याही आपापली खुरपी घेऊन आल्या. मग काय विचारता! रानात धरतात तशी आम्ही पेटीवर पात धरली. मोठी जाऊ वरची फळी, धाकटी कुशीची, मी पुढची. कुणाची पात मागं राहिली की चिडवणं, मध्येच पान-सुपारी, सासवांचे उद्धार. आत्याबाई ओसरीवर बसून होत्या म्हणून सासवांचे उद्धार जरा हळू आवाजात.

"सरळ पातीनं चाला गं," आत्याबाई तिकडून ओरडल्या. "मधी मधी सोडू नगा!" रानातली सवय. पेटी असो की शेत असो, मागं तण राहिलेलं त्यांना खपत नाही.

संध्याकाळी दोन्ही पेट्यांच्या निळ्या रंगाखालून सागाच्या रेघा वर आल्या. मी हात फिरवला आणि मला एकदम रडू आलं. धाकटी जाऊ म्हणाली, "बोटाला लागलं का?" मी म्हणाले, "हो." ते सोपं होतं.

मग तेलाचं प्रकरण झालं. व्हिडिओत सांगितलं होतं की लाकडाला जवसाचं तेल चोळा. ह्यांना मी घाण्यावर पाठवलं. घाण्यावर जवसाचं नव्हतं, म्हणून हे करडीचं घेऊन आले. "तेल ते तेल," म्हणाले. "उलट हे खायचं हाय, जास्त शुद्ध." मी त्यावर विश्वास ठेवला. डाव्या पेटीला भरपूर करडीचं तेल चोळून ती अंगणात उन्हात ठेवली.

करडीचं तेल ना वाळतं ना ओलं राहतं, चिकचिकतं. दुपारपर्यंत तिच्यावर अंगणातली सगळी धूळ बसली, मग कोंबड्यांची पिसं बसली, मग मुंग्यांची रांग लागली. गल्लीतलं कुत्रं येऊन एक कोपरा मन लावून चाटून गेलं. येणारा जाणारा विचारायला लागला, "आज ठेचा केलाय का?" आत्याबाईंना इतकं हसू आलं की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी मात्र संतापले होते. ह्यांना म्हणाले, "आता हिला फोडणीच द्या तुम्ही!" आणि दोन दिवस ह्यांच्या ताटात तेल घातलं नाही.

ते तेल शेवटी ज्वारीचं पीठ चोळून निघालं. आंघोळीला लेकराला चोळतात तसं पेटीला चोळलं. पीठ कोंबड्यांनी खाल्लं, तेवढाच उपयोग.

आणि तेव्हाच मला आठवलं की अण्णा तेलबिल लावत नव्हते. ते चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घालायचे आणि जुन्या धोतराच्या फडक्याचं बोचकं करून त्यानं पेटीवर गोल गोल फिरवायचे. वाटी धरून मीच बसलेली असायची. "हात थांबवायचा न्हाई," ते म्हणायचे, "थांबलास की डाग." मला ते मुलासारखंच बोलायचे. मी परळीहून लाख आणि स्पिरिट मागवलं.

स्पिरिटचा वास घरभर झाला. आत्याबाईंना ऐकू कमी येतं, पण नाक शाबूत आहे. त्या सरळ बाजेजवळ गेल्या आणि लेकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हुंगलं.

"कवापासून प्यायला लागलास बे?"

"आई, म्या न्हाई, ती पेटी!"

"पेटी पिती व्हय?"

गावात बातमी पसरलीच. माळकरी माणूस, त्यांना पारावर लोक डोळे मिचकावून विचारायला लागले. करडीच्या तेलाचा हिशेब तिथं चुकता झाला असं मी मानलं.

डावी पेटी झाली. अशी झाली की तिच्यात खिडकी दिसायची. मी खुशीत उजवी आणायला पडवीत गेले, आणि जागीच थांबले.

उजवी पेटी आडवी ठेवलेली. स्पीकर बसायच्या गोल भोकातून आमची तांबडी कोंबडी डोकं बाहेर काढून माझ्याकडं बघत होती. आत पोतं, पोत्यावर भुसा, भुशावर ती, आणि तिच्याखाली अंडी.

"आत्याबाई!"

"खुडूक झालीया ती," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "रवणाला बसवली. लई ग्वाड जागा हाय. वारं न्हाई, मांजर न्हाई. तुझ्या बापानं भोक बी मापात पाडलंय."

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, कोंबडी उचलायची आणि टोपलीत ठेवायची. पण रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवलेली कोंबडी हलवत नाहीत. जागा बदलली की ती उठते, अंडी गार पडतात, आणि ते पाप हलवणाऱ्या बाईच्या माथी. हे मला आईनं शिकवलं होतं, सासूनं शिकवायची गरज नव्हती. माझी पेटी, माझ्या बापाची पेटी, आणि तिला हात लावायला मीच धजत नव्हते. मी कोंबडीकडं बघून जे बोलले ते इथं लिहीत नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. मग मी एक वाट काढली. रवणाची कोंबडी दिवसातून एकदा उठते, दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत अंग घोळते आणि पळत परत येते. तेवढ्या वेळात जेवढं होईल तेवढं पॉलिश करायचं. मी बोचकं भिजवून पडवीत दबा धरून बसायची. कोंबडी उठली की मी पेटीवर तुटून पडायची. ती परतली की टोच मारायची. माझ्या मनगटावर त्याची खूण अजून आहे.

पहिल्यांदा आत्याबाई रागावल्या, वासानं अंडी बिघडतील म्हणून. मग बघायला लागल्या. मग पहाऱ्यालाच बसल्या, काठी आडवी धरून, अंगणाकडं तोंड करून. अर्थात कोंबडीच्या काळजीनं. पण त्यांचं ओरडणं हळूहळू बदललं. आधी ओरडायच्या, "सर बाजूला, आली ती!" नंतर ओरडायला लागल्या, "आटप, आटप, अजून पानी पितीया, तवर ती कड वढून घे!" एकदा तर मी त्यांना कोंबडीपुढं जास्तीचे दाणे टाकताना पाहिलं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. "आशक्त झालीया ती," म्हणाल्या. मी हो म्हणाले.

अशी ती पेटी तुकड्या-तुकड्यानं चमकायला लागली. पण कोंबडी काही उठेना. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, आणि भाऊबीजेच्या सकाळी भावाची गाडी दारात उभी राहिली तेव्हा डावी पेटी पडवीत पुसून तयार होती आणि उजवीतून तांबडी कोंबडी पाहुण्यांकडं रागानं बघत होती.

मी भावाला ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली आणि वर एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर ठेवला. गोल स्पीकरही नीट करून आणले होते. ठरलेलं ठरलेलं होतं. एक पेटी झाली, एक नाही, आणि आत्याबाई शब्द फिरवत नाहीत.

"बरं," मी म्हणाले. "ठरल्याप्रमाणं काम झालेलं नाही. घेऊन जा दोन्ही पेट्या परत. उजवीत कोंबडी आहे. तिच्यासकट ने."

आत्याबाईंना हे अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"कोंबडीसकट?" त्या उठून उभ्याच राहिल्या. "डोस्कं फिरलं का तुजं? रवणाची कोंबडी गाडीत घालती व्हय? घाटातनं? आरं पावनं, ही म्हनती म्हनून तुमी हात लावू नगा हां त्याला!"

"न्हाई लावत, मामी," भाऊ घाबरून म्हणाला.

"पण आत्याबाई, तुम्हीच म्हणाला होता, भाऊबीजेपर्यंत..."

"म्हनली असंल. मी कोंबडीला इचारून म्हनली व्हती का?" त्यांनी काठीनं फरशीवर रेघ ओढली. "उजवी जात न्हाई हितनं. आन् एकटी डावी नेऊन काय चुलीत घालनार? जोडी फोडत न्हाईत. ठिवा ती आत. पिल्लं निघाली की दुसरी येईल."

"आत कुठं?" मी विचारलं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बैठकीत, आनिक कुठं? मोरीत?"

भावानं आणि ह्यांनी डावी पेटी खिडकीखाली ठेवली, स्पीकर बसवला, तारा जोडल्या. भावानं मोबाईलवर सनई लावली. आवाज आला आणि फरशी पायाखाली बारीक थरथरली, धारूरच्या दुकानात थरथरायची तशीच. मी डोळे पुसले. या वेळी बोटाला लागल्याचं सांगितलं नाही. आत्याबाईंनी आपला बरा कान पेटीकडं केला आणि म्हणाल्या, "ह्यो जरा माझ्याशी बोलल्यावानी वाटतोय."

पिल्लं त्यानंतर लगेच निघाली, चिवचिवत त्या गोल भोकातून एकेक करून बाहेर पडली. मी पेटी धुऊन, वाळवून, शेवटचा हात मारून आत आणली. दोन्ही पेट्या वाजायला लागल्या तेव्हा तांबडी सगळी पिल्लं घेऊन उंबरा ओलांडून बैठकीत आली, थेट उजव्या पेटीपुढं गेली, भोकावर ताणलेल्या कापडाला तिनं एक टोच मारली आणि तिथंच फरशीवर पिल्लांना पंखाखाली घेऊन बसली. बैठकीत कोंबडी चढली तर काठी भिरकावणाऱ्या आत्याबाई त्या दिवशी म्हणाल्या, "बसू दी. तिचं बाळतपन हितं झालंय." कुलपाच्या भोकातून थोडा भुसा अजूनही सांडतो.

मागच्या महिन्यात आत्याबाईंचे भाऊ आले होते. तेच, फोटोतले, पुढाऱ्याच्या खांद्यावर हातवाले. खुर्ची खिडकीजवळ ओढून बसले. मी चहा दिला. बोलता बोलता त्यांनी कप उचलला आणि उजव्या पेटीवर ठेवायला हात लांब केला.

"तिथं नगं," आत्याबाई म्हणाल्या.

"कावून? टेबलच हाय की."

"टेबल न्हाई. आमच्या इवायाची जागा हाय ती. जलमभर ओसरीलाच बसला मानूस, आता कुठं आत आलाय."

त्यांच्या भावानं कप परत हातात घेतला. मी बशी न्यायच्या निमित्तानं स्वैपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. आले तेव्हा आत्याबाईंची मिस्रीची डबी त्याच पेटीवर होती, रोज असते तशी. पण डबीखाली त्यांनी फडकं घातलं होतं, आणि डबीशेजारी पाण्यानं भरलेला एक तांब्या होता.